चिटकूचा थेंब आणि आभाळाची गोधडी

एक होतं शेत. शेतात होता हरभरा. हरभऱ्याला होतं एक इवलं पान. त्या पानावर रोज सकाळी एक थेंब बसायचा. दवाचा थेंब. गोल गोल, गार गार.

तो थेंब कुणाचा? चिटकूचा.

चिटकू म्हणजे नाकतोडा. हिरवा हिरवा, नखाएवढा. तो सकाळी उठायचा. टुप टुप टुप उड्या मारत पानावर यायचा. थेंबाला तोंड लावायचा. चुट चुट चुट. थेंब पोटात. मग दिवसभर खेळ.

एके दिवशी चिटकू उठला. टुप टुप टुप, पानावर आला. पान होतं. थेंब नव्हता.

पानाच्या खाली पाहिलं. नाही. देठापाशी पाहिलं. नाही. पान अगदी कोरडं.

चिटकूच्या घशाला कोरड पडली. मोठ्या पाण्यात तर चिटकू बुडतो. त्याला थेंबच लागतो. आता प्यायचं काय?

चिटकू म्हणाला,
"पाना पाना, माझा थेंब हरवला.
माझा थेंब दे ना."

पान म्हणालं, "मी का नाही म्हणेन? पण गारवा माझ्यावर बसतो, तेव्हा थेंब होतो. आज गारवा बसला नाही. आधी गारव्याला सांग."

चिटकू निघाला. टुप टुप टुप.

नाल्याकाठी होता काळा दगड. दगडाखाली बसला होता गारवा. अंग चोरून, पाय पोटाशी घेऊन. रोज पहाटे हा गारवा साऱ्या शेतावरून हात फिरवतो. हरभऱ्यावरून फिरवतो, तुरीवरून फिरवतो, बकरीच्या नाकावरूनही फिरवतो.

चिटकूनं मिशा हलवल्या. म्हणाला, "गारवाकाका, मोठं काम तुमचं.
माझा थेंब हरवला.
पान थेंब देईना.
गारवाकाका, पानावर बसा ना."

गारवा म्हणाला, "शूऽऽ. मी का नाही म्हणेन? पण जमिनीची ऊब वर गेली, की मी खाली येतो. वर आहे आभाळाची गोधडी. तिच्यात ऊब अडकली. आधी गोधडीला सांग."

चिटकू निघाला. टुप टुप टुप.

सावरीचं झाड उंच उंच. चिटकू चढला. फांदीवरून फांदीवर, अगदी शेंड्यावर. वर पाहिलं. गोधडी काही दिसेना. चिटकूनं मिशी वर केली. मिशीला ऊब लागली. गोधडी दिसत नव्हती, पण होती.

चिटकू म्हणाला, "गोधडीमाय, मोठं काम तुझं.
माझा थेंब हरवला.
पान थेंब देईना.
गारवा पानावर बसेना.
गोधडीमाय, विरळ हो ना."

गोधडी म्हणाली, "मी का नाही म्हणेन? आधी मी पातळच होते रे, जुन्या लुगड्यासारखी. तेवढी तर लागतेच. मी नसते, तर जमीन गारठून गेली असती. पण मग सगळ्यांनी ठिगळं लावली. हे बघ, हे वीटभट्टीचं. घरांसाठी विटा भाजते ती. हे ट्रकचं. संत्री नेतो तो, दूर दूर. हे तोडलेल्या जंगलाचं. हे उकिरड्याचं. हे भाताच्या चिखलातल्या बुडबुड्यांचं. बुड बुड करत वर येतात ते. आणि हे गाईच्या ढेकराचं."

चिटकूनं विचारलं, गाईच्या ढेकराचंसुद्धा?

हो, म्हणाली गोधडी. गाय दूध देते, रवंथ करते आणि ढेकरही देते. तो ढेकर वर येतो.

गोधडी पुढे म्हणाली, "पण सगळ्यांत मोठं ठिगळ धुराड्याचं. एकावर एक लावतंच आहे. आधी धुराड्याला सांग."

चिटकू निघाला. टुप टुप टुप.

टेकडीपलीकडे होता वीज करायचा कारखाना. तिथं उभं होतं धुराडं. केवढं उंच. सावरीवर सावरी ठेवली, तिच्यावर आणखी सावरी ठेवली, तरी हे उंच. भक भक भक. आत आग धगधगत होती. आगीवर पाणी उकळत होतं. वाफेनं चाक फिरत होतं, चाकातून वीज निघत होती. धुराडं दिवसभर उभं, रात्रभर उभं. एकदासुद्धा खाली बसलं नव्हतं.

चिटकूनं मिशा हलवल्या. मान वर केली, वर केली, आणखी वर केली. म्हणाला, "धुराडदादा, मोठं काम तुझं.
माझा थेंब हरवला.
पान थेंब देईना.
गारवा पानावर बसेना.
गोधडी विरळ होईना.
धुराडदादा, धूर आवर ना."

धुराडं म्हणालं, "भक भक. मी का नाही म्हणेन? माझेही पाय दुखतात. पण तार सारखी वीज मागते. ती मागते, म्हणून कोळसा जळतो. कोळसा जळतो, म्हणून धूर निघतो. आधी तारेला सांग."

चिटकू निघाला. टुप टुप टुप.

तार होती लांब लांब. या खांबावरून त्या खांबावर, त्या खांबावरून पुढच्या खांबावर. ओढ्यावरून जायची, बाभळीवरून जायची. झिण झिण झिण. चिटकू खांबाच्या पायाशी बसला. म्हणाला, "तारताई, मोठं काम तुझं.
माझा थेंब हरवला.
पान थेंब देईना.
गारवा पानावर बसेना.
गोधडी विरळ होईना.
धुराडं धूर आवरेना.
तारताई, मागणं सोड ना."

तार म्हणाली, "झिण झिण. मी का नाही म्हणेन? मी कुठं माझ्यासाठी मागते? दवाखान्यात दिवा लागतो, शाळेत पंखा फिरतो. त्यांच्यासाठी तर मागावंच लागतं. पण ती विहिरीवरची मोटार. ती कालपासून मागते आहे, थांबतच नाही. आधी मोटारीला सांग."

चिटकू निघाला. टुप टुप टुप. आता त्याचे पाय थकले. घसा आणखी सुकला. एक उडी मारायची, थोडं थांबायचं. एक उडी मारायची, थोडं थांबायचं.

विहिरीवर होती मोटार. बुटकी, जाडजूड. घूं घूं घूं. खोल खोल विहिरीतलं पाणी ती वर खेचत होती. एवढीशी मोटार, आणि एवढं मोठं पाणी.

चिटकू म्हणाला, "मोटारबाई, मोठं काम तुझं.
माझा थेंब हरवला.
पान थेंब देईना.
गारवा पानावर बसेना.
गोधडी विरळ होईना.
धुराडं धूर आवरेना.
तार मागणं सोडेना.
मोटारबाई, गप्प बस ना."

मोटार म्हणाली, "घूं घूं. मी का नाही म्हणेन? माझं अंग बघ कसं तापलंय. पण मला आपोआपचं बटण लावलंय. वीज आली, की मी आपली आपण सुरू होते. गुणामाय आली, तिनं बटण दाबलं, तरच मी थांबते. आधी गुणामायला सांग."

चिटकू निघाला. टुप... टुप... टुप.

गुणामाय कोण? शेत तिचं, हरभरा तिचा, मोटारही तिची. ती हरभऱ्यात उभी होती. हातात पातळ पांढरं कापड होतं. बांधावर तिची लेक बकुळी बसली होती. बकुळी दोन वर्षांची. तिचं पोट दुखत होतं. पोट धरून ती मुसमुसत होती.

पोट दुखलं, की गुणामाय काय करायची? पहाटे हरभऱ्यावर कापड पसरायची. दव कापडात उतरायचं. मग कापड पिळायची. आंबट आंबट पाणी निघायचं. त्याला म्हणतात आंब. आंब जराशी चाटवली, की बकुळीला बरं वाटायचं.

आज गुणामायनं कापड पिळलं. काही निघालं नाही. पुन्हा पिळलं. काहीच नाही. कापड कोरडं.

शेजारच्या शेतातून शेवंताकाकूंनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "काय वो गुणाबाई, हरभऱ्यावर धुणं वाळत घातलं का?"

तेवढ्यात चिटकू आला आणि कापडावर बसला. म्हणाला, "गुणामाय, मोठं काम तुझं.
माझा थेंब हरवला.
पान थेंब देईना.
गारवा पानावर बसेना.
गोधडी विरळ होईना.
धुराडं धूर आवरेना.
तार मागणं सोडेना.
मोटार गप्प बसेना.
गुणामाय, बटण दाब ना."

गुणामाय म्हणाली, "मी का नाही म्हणेन, बाळा? पण हौद भरल्याशिवाय मोटार कशी बंद करू? आधी हौदाला सांग, लवकर भर म्हणावं."

चिटकू निघाला. टुप... टुप...

हौद होता शेताच्या कडेला. दगडी, मोठा, पोटाचा गोल. त्याचं पाणी गाई पितात, बैल पितात, पाखरं पितात. चिटकू काठावर चढला. आवाज अगदी बारीक झाला होता. तरी म्हणाला, "हौदबाबा, मोठं काम तुमचं.
माझा थेंब हरवला.
पान थेंब देईना.
गारवा पानावर बसेना.
गोधडी विरळ होईना.
धुराडं धूर आवरेना.
तार मागणं सोडेना.
मोटार गप्प बसेना.
गुणामाय बटण दाबेना.
हौदबाबा, लवकर भरा ना."

हौद हसला. पोट हललं आणि पाणी बाहेर सांडलं. बदाबदा, बदाबदा.

हौद म्हणाला, "अरे, मी तर कालच भरलो. मला कुणी विचारायलाच आलं नाही."

चिटकूनं खाली पाहिलं. हौदाभोवती चिखलच चिखल. चिखलात बेडूक बसला होता.

चिटकू मागे फिरला. टुप टुप टुप. कुठून बळ आलं, त्यालाच ठाऊक. तो गुणामायच्या खांद्यावर जाऊन बसला आणि तिच्या कानात सांगितलं. हौद कालच भरला.

गुणामायला खरं वाटेना. तिनं बकुळीला कडेवर घेतलं. हौदापाशी गेली. पाय चिखलात रुतला, पचक. दुसरा पाय रुतला, पचक. पाणी सांडतच होतं. बदाबदा, बदाबदा.

गुणामाय तिथंच उभी राहिली. कोरड्या कापडाकडे पाहिलं. मोटारीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझीच मोटार माझी आंब पिऊन बसली."

ती विहिरीवर गेली. आपोआपचं बटण तिनं खाली केलं. टक. मोटारीच्या तापल्या अंगावर हात ठेवला. म्हणाली, "नीज आता. हौद रिकामा झाला, की मीच येईन उठवायला."

मग काय झालं?

गुणामायनं बटण दाबलं.
मोटार गप्प बसली.
तारेनं मागणं सोडलं, मोटारीपुरतं.
धुराड्यानं धूर आवरला, घोटभर.
गोधडी विरळ झाली, सुईच्या नाकाएवढी.

बाकीची ठिगळं होती तिथंच होती. भट्टीचं होतं, ट्रकचं होतं, गाईच्या ढेकराचंही होतं. पण सुईच्या नाकाएवढ्या जागेतून जमिनीची ऊब वर गेली. हळू हळू, बारीक बारीक.

पहाट झाली.
गारवा पानावर बसला.
पानानं थेंब दिला.

चिटकू उठला. टुप टुप टुप, पानावर आला. थेंब होता. लहानसाच होता, पण गोल होता, गार होता. चिटकूनं तोंड लावलं. चुट चुट चुट. थेंब पोटात.

गुणामायनं कापड पिळलं. एक थेंब पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. बकुळीनं चाटले. एक डोळा मिटला, नाक आक्रसलं, म्हणाली, "आंबट." आणि आणखी मागितलं.

शेवंताकाकू बांधावर आल्या. त्यांनी ते ओलं कापड पाहिलं. बोटानं दाबून पाहिलं. पदर खोचला आणि सरळ आपल्या विहिरीकडे चालू लागल्या. त्यांची मोटारही घूं घूं करत होती. त्यांचा हौदही सांडत होता.

टक.

मग पुढच्या सकाळी शेवंताकाकूंच्या हरभऱ्यावरही एक थेंब बसला. गोल गोल, गार गार.

तो थेंब कुणाचा? चिटकूच्या धाकट्या बहिणीचा.

थेंब गेला पोटात, गोष्ट गेली कानात.