मातेओच्या आईसाठी एक शब्द

“चाचा, यातला बरोबर शब्द कुठला?”

शलाकानं कागद दाऊद सारंगांच्या पुढ्यात सरकवला. सारंगांनी तीस वर्षं स्पॅनिश जहाजांवर काढलेली. ती भाषा शिव्यांपासून अंगाईपर्यंत त्यांच्या तोंडात बसली होती. शलाका पुण्याहून स्पॅनिशचं सुवर्णपदक घेऊन त्यांच्या बंदरावर खलाशांची बोली शिकायला आली होती, आणि पदकाचा विषय दिवसातून दोनदा तरी निघायचाच.

कागद पोलिसांचा, इंग्रजीत. पोहायला उतरलेला मातेओ नावाचा स्पॅनिश मुलगा ‘लॉस्ट ॲट सी’. त्याच्या आईला हे तिच्या भाषेत कळवायचं काम शलाकाकडे आलं होतं.

“‘लॉस्ट’ला तीन शब्द निघतात,” ती ऐटीत म्हणाली. “पेर्दिदो, म्हणजे वाट चुकलेला. देसापारेसिदो, म्हणजे बेपत्ता. मुएर्तो म्हणजे सरळ मेलेला. चार कोश पाहिलेत मी.”

“धर्माला विचारलंस?”

“कोण धर्मा?”

सारंगांनी पडवीतूनच हाक मारली. अंगणापलीकडे जाळं दुरुस्त करत बसलेला होडीवाला उठून आला. चार दिवस शलाका त्याच्या शेजारून ये-जा करत होती. मातेओसाठी खवळलेल्या पाण्यात होडी घातली ती यानंच, आणि पोलिसांना जबाबही यानंच दिला होता.

“हिला सांग.”

धर्मा उभ्याउभ्याच बोलला. “हात गावला होता त्याचा, ताई. पण गार. मान टाकलेली. डोळे उघडे... मग लाट आली नि सुटला. सायब म्हणाले, बॉडी नाय गावली ना? मग मेला असं लिवता येत नाय.”

तो परत जाऊन बसला. जाळ्याला मात्र त्यानं हात लावला नाही.

...

शलाकाचा चेहरा पार उतरला. आता कोश उघडायची गरजच उरली नव्हती, आणि नेमकं तेच तिला सोसवेना.

“चाचा, मी बेपत्ता लिहिते. कागदाशी जुळतंही ते. निदान आशा तरी राहील बिचारीला.”

“किती वर्षं?”

“काय किती वर्षं?”

“दार उघडं ठेवायचं तिनं.”

‘मुएर्तो’ लिहायला शलाकानं पेन उचललं, कागदाला टेकवलं, पुन्हा खाली ठेवलं. कुठल्याशा परक्या गावातल्या बाईचं पोर आपण आपल्या हातानं मारतोय असं तिला वाटलं, आणि तिला रडू फुटलं.

“नाही हो लिहवत मला!”

सारंगांनी तिला उगी केलं नाही, की पाठीवर हात ठेवला नाही...

मग त्यांनी पेन उचलून तिच्या बोटांत दिलं.

“तुला नुसतं लिहायचंय, पोरी. तिला वाचायचंय.”