फिरकी फिरत नाही

एक होती चिचुंद्री. तिचं नाव सोंडुली. नाक लांब, डोळे बारीक. डोळ्यांनी तिला फारसं दिसायचं नाही. पण नाक असं, की विचारू नका. नाकाने ती खाऊ शोधायची. नाकाने वाट शोधायची. नाकाच्याच भरवशावर घरी यायची.

घर म्हणजे शेवंतामावशीच्या घरातलं एक बीळ. बिळात तीन पिल्लं. बोटाच्या पेराएवढी. अजून आईच्या दुधावर होती.

एके दिवशी दुपारी सोंडुली मोरीतल्या बादलीत पडली. डुबुक. बाहेर आली ती कुडकुडत. आक् छी. मग पुन्हा एकदा, आक् छी. आणि नाक बंद झालं.

इकडे हुंगलं, काही नाही. तिकडे हुंगलं, काही नाही. बीळ कुठे, कळेना. पिल्लं कुठे, कळेना. पिल्लांना भूक लागली असणार. सोंडुली घाबरली. अगदी खरंखुरं घाबरली.

मग तिला आठवलं. शेवंतामावशी साऱ्या आळीची मावशी. आळीत कुणाचं नाक बंद झालं, की ती ओवा भरडायची. चिंधीत बांधून त्याची पुरचुंडी करायची. पुरचुंडी हुंगली, की नाक मोकळं.

ओवा भरडायला मावशीकडे फिरकी होती. फिरकी म्हणजे मुठीत मावेल एवढी पितळेची डबी. डबीला आतून दात, झाकणालाही आतून दात. झाकण फिरवलं, की गर्र गर्र. ओवा बारीक.

सोंडुली निघाली. भिंतीच्या कडेने, तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. नाक आपटलं. कशावर? फिरकीवर. झाकण शेजारीच पडलं होतं. ओव्याचे दाणे खाली सांडले होते. ते तिच्या पायांना टोचले.

सोंडुलीने चिमूटभर ओवा गोळा केला. आता, मावशी तांदूळ धुऊन घेते. डाळ धुऊन घेते. भाजी तर तीनदा धुते. सोंडुलीने हे ऐकलेलं होतं. म्हणून तिने ओवाही धुतला, फरशीवरच्या सांडलेल्या पाण्यात. चांगला खळखळून. आणि ओलाच फिरकीत टाकला.

झाकण लावलं. झाकणावर चढली. गोल गोल पळाली. गर्र. गर्र. गर्... फिरकी अडकली.

फिरकी म्हणाली, "ओला ओवा घातलास, बाई. माझ्या दातांत लगदा बसला. कुंचल्याने घासल्याशिवाय मी फिरणार नाही."

सोंडुली निघाली. भिंतीच्या कडेने, तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. नाक आपटलं. कशावर? कुंचल्यावर.

"कुंचलेदादा, कुंचलेदादा, फिरकी घास ना.
फिरकी फिरत नाही,
ओवा बारीक होत नाही,
नाक उघडत नाही,
घर सापडत नाही.
पिल्लं वाट बघतात."

कुंचला म्हणाला, "माझे केस झालेत ताठ. कोमट पाण्यात बुडवल्याशिवाय मी घासणार नाही."

सोंडुली निघाली. भिंतीच्या कडेने, तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. नाक आपटलं. कशावर? पाण्याच्या पातेल्यावर.

"पाणीदादा, पाणीदादा, कोमट हो ना.
कुंचला घासत नाही,
फिरकी फिरत नाही,
ओवा बारीक होत नाही,
नाक उघडत नाही,
घर सापडत नाही.
पिल्लं वाट बघतात."

पाणी म्हणालं, "मला काय, मी गारच बरं. चूल पेटल्याशिवाय मी तापणार नाही."

सोंडुली निघाली. भिंतीच्या कडेने, तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. नाक आपटलं. कशावर? चुलीवर. बरं झालं, चूल विझत आली होती.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना.
पाणी तापत नाही,
कुंचला घासत नाही,
फिरकी फिरत नाही,
ओवा बारीक होत नाही,
नाक उघडत नाही,
घर सापडत नाही.
पिल्लं वाट बघतात."

चूल म्हणाली, "माझा निखारा राखेत निजलाय. फुंकणीने फुंकल्याशिवाय मी पेटणार नाही."

सोंडुली निघाली. भिंतीच्या कडेने, तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. नाक आपटलं. कशावर? फुंकणीवर. फुंकणी घरंगळली. थांबली. मग तिने ऐकून घेतलं.

"फुंकणीताई, फुंकणीताई, फुंक ना.
चूल पेटत नाही,
पाणी तापत नाही,
कुंचला घासत नाही,
फिरकी फिरत नाही,
ओवा बारीक होत नाही,
नाक उघडत नाही,
घर सापडत नाही.
पिल्लं वाट बघतात."

फुंकणी म्हणाली, "मी तर नुसती नळी. वारा मावशीच्या तोंडात. मावशी उठल्याशिवाय मी फुंकणार नाही."

सोंडुली निघाली. भिंतीच्या कडेने, तुरुतुरु, तुरुतुरु. आता नाक दुखत होतं. तरी ठक. कशावर आपटलं? शेवंतामावशीच्या पायाच्या अंगठ्यावर.

मावशी जेवून भिंतीला टेकली होती. पाय पसरले होते. मांडीवर बोका होता. बोका केवढा? मांडी पुरत नव्हती, एवढा.

"मावशी, मावशी, उठ ना.
फुंकणी फुंकत नाही,
चूल पेटत नाही,
पाणी तापत नाही,
कुंचला घासत नाही,
फिरकी फिरत नाही,
ओवा बारीक होत नाही,
नाक उघडत नाही,
घर सापडत नाही.
पिल्लं वाट बघतात."

मावशी हळूच म्हणाली, "अगं, उठले असते. पण बोका निजलाय. निजलेल्याला उठवू नये. बोका उठल्याशिवाय मी उठणार नाही."

सोंडुली निघाली. या वेळी फार लांब जायचं नव्हतं. मावशीच्या पायावरून वर, तुरुतुरु, तुरुतुरु. ठक नाही. मऊ. कशावर आपटलं? बोक्याच्या पोटावर.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना.
मावशी उठत नाही,
फुंकणी फुंकत नाही,
चूल पेटत नाही,
पाणी तापत नाही,
कुंचला घासत नाही,
फिरकी फिरत नाही,
ओवा बारीक होत नाही,
नाक उघडत नाही,
घर सापडत नाही.
पिल्लं वाट बघतात."

बोक्याने एक डोळा उघडला. अर्धाच. तो म्हणाला, "मावशीने बशीभर दूध दिल्याशिवाय मी उठणार नाही."

सोंडुली मावशीला म्हणाली, बोक्याला दूध दे. मावशी म्हणाली, देते की. पण बोका उठल्याशिवाय मी उठणार नाही.

सोंडुली बोक्याला म्हणाली, तुम्ही उठा, मग मावशी उठेल, मग दूध मिळेल. बोका म्हणाला, आधी दूध.

सोंडुली पुन्हा मावशीकडे गेली. पुन्हा बोक्याकडे आली. मावशी म्हणे बोका, बोका म्हणे दूध. दूध कोण देणार? मावशी. मावशी कधी उठणार? बोका उठल्यावर. बोका कधी उठणार? दूध मिळाल्यावर. झालं. आता विचारायला कुणी उरलंच नाही.

सोंडुली मटकन खाली बसली. तिला नीट दिसत नव्हतं. ती बसली ती नेमकी बोक्याच्या नाकासमोर. आणि रडायला लागली. एवढी मोठी यादी म्हणायचं तिच्यात बळ नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पिल्लं वाट बघतात."

आता एक सांगायचं राहिलं. चिचुंद्रीच्या अंगाला वास येतो. सगळ्याच चिचुंद्र्यांच्या येतो. कसा येतो, ते मी सांगत नाही. कुणाचं जेवण व्हायचं असेल.

बोक्याचं नाक हललं. मग मिशी हलली. मग कान हलले. मग अख्खा बोका हलला. "शीऽऽ," बोका म्हणाला आणि टुणकन उडी मारून थेट खिडकीत जाऊन बसला.

सोंडुलीला काही कळलं नाही. नाक बंद होतं ना. तिला वाटलं, बोक्याला दया आली. ती म्हणाली, उपकार झाले, बोकोबा. बोक्याने तोंड फिरवलं.

मावशीनेही नाकाला पदर लावला. पदराआड ती हसत होती. पण उठली.

बोका उठला, तशी मावशी उठली.
मावशी उठली, तशी फुंकणी फुंकली. फूऽ फूऽ.
फुंकणी फुंकली, तशी चूल पेटली. भक्.
चूल पेटली, तसं पाणी तापलं. सुंऽऽ.
पाणी तापलं, तसा कुंचला भिजला. चुबुक.
कुंचला भिजला, तशी फिरकी घासली. खस खस, खस खस.

एकेका दातातून लगदा निघाला. मावशीने फिरकी फडक्याने पुसली. मग चुलीच्या उबेला पालथी ठेवली आणि स्वतः बसून राहिली.

सोंडुली म्हणाली, झालं ना आता? मावशी म्हणाली, नाही, वाळू दे. थोड्या वेळाने सोंडुली म्हणाली, आता? मावशीने आत बोट फिरवून पाहिलं. अजून ओलसर होतं. सोंडुलीला घाई होती. फिरकीला नव्हती.

शेवटी फिरकी कोरडी ठक्क झाली. मावशीने आधी चिमूटभर तांदूळ घालून फिरवले. गर्र गर्र. दातांत उरलंसुरलं होतं, ते तांदळाबरोबर बाहेर आलं. मावशीने झाकणाच्या काठाला खोबरेल तेलाचं बोट लावलं. मग डब्यातला ओवा घेतला. कोरडा.

"ओवा धुवायचा नसतो, बाई," मावशी म्हणाली. "पाखडायचा, निवडायचा आणि तसाच घालायचा."

गर्र गर्र, गर्र गर्र. फिरकी फिरली. ओवा बारीक झाला. मावशीने चिंधीचा तुकडा फाडला आणि पुरचुंडी बांधली. केवढी? हरभऱ्याएवढी.

सोंडुलीने हुंगलं. सूं. काही नाही.
पुन्हा हुंगलं. सूं सूं. थोडंसं.
पुन्हा हुंगलं. सूं सूं सूं. आक् छी.

नाक उघडलं.

आधी आला ओव्याचा वास. मग चुलीच्या धुराचा. मग दुधाचा, कारण मावशी बोक्याची बशी भरत होती. आणि मग एक ओळखीचा वास आला. भिंतीच्या कडेने आला. कुणाचा? तिचा स्वतःचाच. ज्याला बोका शी म्हणाला, तोच. रोज जाता येता तो भिंतीला लागला होता. बिळापासून इथपर्यंत, इथपासून बिळापर्यंत.

सोंडुली निघाली. भिंतीच्या कडेने, तुरुतुरु, तुरुतुरु. फुंकणी गेली, चूल गेली, पातेलं गेलं, कुंचला गेला, फिरकी गेली. या वेळी ती कशावरही आपटली नाही. मोरी आली. मोरीमागचा कोपरा आला. बीळ आलं.

बिळात अंधार होता. तिन्ही पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. त्यांना काही दिसत नव्हतं. सोंडुलीने आवाजही केला नव्हता. तरी तिघांनी एकदम नाकं वर केली. सूं सूं सूं.

"आईचा वास आला," धाकटं म्हणालं. "किती छान."

सोंडुली पिल्लांजवळ जाऊन आडवी झाली. पिल्लं पोटभर प्यायली. मग निजली. आता गोष्टही निजली. निजलेल्याला उठवू नये.