कुवलयेच्या परसातला दुधी

फार पूर्वी इंदुवती नगरीवर जयसेन राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव क्षेमक. वय उतरणीला लागल्यावर त्याने पेढी पुतण्यांच्या हाती सोपवली आणि नगराच्या कडेला एका लहानशा घरात तो एकटा राहू लागला. घरामागे एवढासा परस होता.

शेजारच्या घरात कुवलया नावाची गृहिणी राहत असे. तिचा नवरा पूर्णक राजाच्या हत्तीशाळेत अधिकारी होता. घर मोठे, परस ऐसपैस, स्वतःची विहीर. हत्तीशाळेतले खत तर गाड्या भरभरून येई. तरीही वसंत आला की जाणारी-येणारी माणसे क्षेमकाच्या कुंपणाशी थबकत, तिच्या नाही.

क्षेमकाच्या घरातून काहीच वाया जात नसे. तांदळाचे धुवण वांग्यांच्या आळ्यात जाई, चुलीतली राख कारल्याच्या बुडाशी. पानगळीचा पाचोळा लोक जाळून टाकत. क्षेमक तो खड्ड्यात कुजत घाली. फुटक्या मडक्यांत तो रोपे वाढवी. छपरावर लांब मानेचा पांढरा दुधी चढे. त्याचे बी आईने माहेरच्या डोंगरातून आणले होते आणि त्या नगरीत ते आणखी कुणाकडे नव्हते.

कुवलया हे सारे पाहत असे. कोणत्या वेलाला नवे पान फुटले, कोणती कळी उद्या उमलणार, हे तिला स्वतःच्या परसापेक्षा त्याच्या परसातले अधिक ठाऊक असे. आणि पाहिले की छातीत निखारा ठेवल्यासारखे होई.

एकदा जेवताना पूर्णक म्हणाला, "ही वांगी क्षेमकाकडची ना? चवीवरून कळतं."

"आपल्या वांग्यांना काय चव नाही?"

"मी तसं कुठं म्हणालो?"

"मग बोललात कशाला?" असे म्हणून ती पानावरून उठली.

वसंतोत्सवाच्या दिवशी उत्तम फळ पिकवणाऱ्याच्या गळ्यात राणी स्वतःच्या हाताने माळ घाली. गेल्या वर्षी ती क्षेमकाला मिळाली होती. कुवलया तेव्हा पुढेच उभी होती. आपला चेहरा कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तिने तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या.

फाल्गुनातल्या एका दुपारी गल्ली सामसूम होती. कुवलयेने घागरभर पाण्यात मीठ कालवले, ती क्षेमकाच्या कुंपणातून आत शिरली आणि दुधीच्या प्रत्येक आळ्यात तिने ते पाणी ओतले. काही दिवसांतच पाने कडेने करपली आणि वेल माना टाकून लोळले. आता आपल्याला बरे वाटेल, असे तिला वाटले होते. पण क्षेमक खाली बसून ती माती मुकाट्याने उपसत होता आणि त्याचे ते शांतपण पाहून ती आणखीच जळू लागली.

दुसऱ्या सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात मडक्याचे फुटके बूड होते आणि त्यात दोन पानांचे एक रोप.

"ताई, माझी माती यंदा खारट झाली. हे एवढंच रोप उरलं आहे. घरात होतं म्हणून वाचलं. सगळं बी मी पेरून बसलो. हे गेलं तर जातच संपेल. तुमच्या परसात लावाल?"

तिला नाही म्हणता येईना. रोप तिने विहिरीजवळ लावले आणि ते मरावे असे म्हणत पाणी मात्र घातले. पहिला तणावा फुटला तेव्हा तिने त्याला काटकी दिली. पानांवर किडे दिसले तेव्हा ते हाताने वेचले. क्षेमकाच्या गेल्या वर्षीच्या वेलापेक्षा हा वर गेला पाहिजे, असा तिचा हट्टच होता. वैशाख लागता लागता मांडवावर शंखासारखे पांढरे दुधी लोंबू लागले.

उत्सवात राणीने तिचा दुधी दोन्ही हातांनी उचलला. "असा गेल्या वर्षीच पाहिला होता. कुणाचा हा?"

"माझा," कुवलया म्हणाली.

सगळ्यांचे डोळे क्षेमकाकडे वळले. तो म्हणाला, "तिचाच, महाराणी. वाढवला तिने."

राणीने माळ उचलली. कुवलया एकदम मागे सरली आणि क्षेमकाला म्हणाली, "भाऊ, असं बोलू नका! तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या वेलांना मिठाचं पाणी मीच घातलं."

"ठाऊक आहे. मी खिडकीतून पाहत होतो."

"मग उरलेलं रोप माझ्याच हाती का दिलं?"

"माझ्या परसाकडे तुमच्याइतकं रोज, इतक्या बारकाईनं पाहणारं या गल्लीत दुसरं कुणी नव्हतं, ताई. वेलाला काय मारतं हे तुम्हाला कळत होतं. तेव्हा काय जगवतं, तेही कळत असणार."

राणी संतापली. "क्षेमका, हिचा परस विहिरीसकट मी तुझ्या नावे करते."

"नको, महाराणी. त्या वेलाला तिच्या हातची सवय झाली आहे. द्यायचंच असेल तर एवढं करा. यातला एक दुधी वेलावर वाळू द्या आणि त्याचं बी घरोघर वाटायला तिलाच सांगा."

राणीने माळ खाली ठेवली आणि मान डोलावली.

पुढच्या वसंतात नगरीच्या छपराछपरांवर लांब मानेचे दुधी चढले. कुवलयेच्या छातीतला निखारा काही एका दिवसात विझला नाही. कुणाचा वेल आपल्याहून भरलेला दिसला की तो अजून धुमसे. मग ती पदर खोचून त्या घरी जाई आणि विचारी, "बाई गं, खत कोणतं घातलंस?"

विहारातल्या भिक्षूंना ही कथा सांगून झाल्यावर त्यांचा गुरू, शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, सोबतिणीची स्तुती ऐकून जिने आज अन्न टाकले, ती भिक्षुणी चित्रा म्हणजे त्या जन्मीची कुवलया. पूर्णक म्हणजे तिचा आजचा भाऊ, आणि राणी म्हणजे या विहाराला सावली देणारी झाडे लावणारी उपासिका वासंती. क्षेमक मीच होतो." चित्रेने मान खाली घातली होती. तिच्याकडे पाहून शास्ता पुढे म्हणाला, "दुसऱ्याचे बहरलेले पाहून आपलेही मन बहरते, त्याला मुदिता म्हणतात. ती पेरावी लागते, चित्रे. आणि ती उगवेपर्यंत जो वाट पाहतो, त्याच्या त्या धीराला क्षांती म्हणतात."