उशाशी ठेवलेली पेज

मंडळी, एका श्रावणात मी नेम धरला होता: महिनाभर घरात कुणावर हुकूम सोडायचा नाही. तिसऱ्याच दिवशी मोडला! देवापुढे कान पकडले, तेव्हा ही कहाणी आठवली. ऐका तर.

फार फार वर्षांपूर्वी एका राजाने नगरात आरोग्यशाळा बांधली. तिथे रोग्यांची उठबस करायला बारा सेविका आणि त्यांच्यावर एक थोरली बाई. थोरली हुशार, कामाला वाघीण. पण तिची चाहूल लागली की सेविकांची बोलणी बंद. "सांगितलं तेवढंच करायचं. डोकं माझं, हात तुमचे," असं ती म्हणे.

हळूहळू सेविकांनी डोकं खरंच घरी ठेवलं. सावली कुठवर आली ते बघत त्या दिवस ढकलू लागल्या.

एकदा एक म्हातारी कुंभारीण तापाने फणफणत आली. ताप उतरला, पण अंगात त्राण उरलं नाही. वैद्य म्हणाले, "आता औषध नको, अन्न हवं. पेज पोटात गेली तर जगेल."

थोरलीने हुकूम सोडला, "हिच्या उशाशी दिवसातून चारदा पेज ठेवा."

चारदा ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. तिसऱ्या दिवशी वैद्यांनी नाडी धरली आणि दचकलेच. "अहो, ही तर चालली! पोटात कण नाही हिच्या!"

थोरली कडाडली, "पेज दिली नाहीत?"

सगळ्यांत जुनी सेविका खालमानेने म्हणाली, "दिली की. वाटी भरलेली ठेवली, भरलेलीच उचलली. तिला हात उचलवत नाही, बाई."

"मग भरवायची नाही?"

"तुम्ही 'ठेवा' म्हणालात. मागे मी आपल्या मनाने एका रोगिणीची उशी उंच केली, तर चारचौघींत विचारलंत, 'वैद्यीण कधी झालीस गं?'"

थोरली आणखी चिडणार, तोच म्हातारीच्या सुकलेल्या ओठांकडे तिची नजर गेली. ती तिच्या उशाशीच बसली. "चुकलं माझं. सांगा गं, तुम्हाला काय दिसतं? काय करू मी?"

आणि काय सांगू, एकच गलका उडाला!

"डोकं उंच धरा, ठसका लागेल!"

"उजव्या गालाकडून भरवा, डावीकडून गिळता येत नाही तिला!"

"चिमूटभर गूळ घाला, बाई! गुळाचं नाव काढलं की हसते ती!"

एकीने मान धरली, दुसरी गूळ घेऊन धावत आली. थोरलीने तान्ह्या बाळाला भरवावी तशी शिंपलीने पेज भरवायला घेतली. पहिली शिंपली ओघळली. दुसरीही ओघळली. तिसरी मात्र घशाखाली उतरली!

"गिळली! गिळली!" बाराही जणी ओरडल्या. काही तर नाचल्याच!

आठ-दहा दिवसांत कुंभारीण आपल्या पायांनी घरी गेली. तेव्हापासून रोज सकाळी कामं वाटण्याआधी थोरली विचारी, "काल काय काय दिसलं गं?" आणि ते सांगायला सेविका वेळेआधीच हजर होत.

माणसाला मान दिला की त्याचं मन कामात येतं.

तर मंडळी, आज तुमच्या हाताखालच्या एकाला तरी विचारा, "तुला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढं कराच.