ठुमीचा खड्डा

डोंगराला रस्ते फुटले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. उतारावर घुशींची वस्ती होती. तिथल्या सगळ्यांत वरच्या घरी ठुमी सून म्हणून आली. तिचं माहेर त्याच उताराच्या पायथ्याशी होतं.

सासरी दिरांसाठी नव्या खोल्या निघाल्या. सासूबाईंनी गवत उपटून, माती चोपून ऐसपैस अंगण केलं. पुढच्याच सरीला ठुमीनं पाहिलं, पूर्वी गवतात मुरणारं पाणी आता अंगणावरून धावत खाली निघालं होतं. खाली तिची आई होती आणि अजून डोळेही न उघडलेली भावंडं होती.

अंगणाच्या कडेला ठुमीनं खड्डा खणायला घेतला.

"अगं बाई, नव्या कोऱ्या अंगणात खड्डा?" सासूबाई ओरडल्या.

"आपण पाण्याची जागा घेतली, सासूबाई. त्याला टेकायला दुसरी द्यायला नको?"

"पाणी काय तुझ्या माहेरचं आहे?"

"माहेरचं नाही, पण जातं तिथेच."

सासूबाईंना हसू आवरेना. मग त्याही चार दगड घेऊन आल्या.

आषाढात आभाळ फाटलं. अंगणातलं सगळं पाणी खड्ड्यात साठलं आणि दगडांच्या फटींतून दमादमानं जमिनीत उतरत राहिलं. उजाडताच खालून आईची हाक आली, "ठुमे, बीळ कोरडं ठणठणीत आहे गं!" वस्तीभर एकच जल्लोष झाला.

तेव्हापासून कुणी नवं घर काढलं, की सासूबाई मिशा फेंदारून दारात हजर. "घर मागाहून बघू. आमच्या सुनेनं खणला तेवढा खड्डा आधी दाखवा."