वेशीवरची निरांजने

एका राज्यात एक नगर असे होते, की त्यात गेलेला माणूस परत येत नसे. नाव उदयावंती. कधीकाळी ती राजधानी होती. आता तिचे नाव काढले की लोक विषय बदलत. राजपुत्र जयकेतू मात्र हट्टाने ते नगर बघायला गेला आणि तिकडचाच झाला. मग त्याची थोरली बहीण इंदुलेखा निघाली. आईवडिलांमागे तिनेच त्याला वाढवले होते, आणि त्याच्यावाचून तिला राजवाडा खायला उठे.

पूर्ववेशीवर एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "राजकन्ये, रथ इथेच सोड. पायी चाल. बाजार, बारव आणि राजसभा, तिन्ही पाहा. दिवस मावळला की वेस मिटते, मग आतला तो आतच. आणि निघताना 'येते' म्हणू नकोस. तुझा भाऊ तसंच म्हणाला."

"निघताना सगळेच तसं म्हणतात."

"म्हणून सगळेच आत आहेत," टिटवी म्हणाली.

बाजारात दोन्ही अंगांना बायका ओळीने उभ्या होत्या. साऱ्या दगडाच्या. हातांतली ओवाळणीची ताटेही दगडाची, पण निरांजने जळत होती. साऱ्यांची तोंडे पूर्ववेशीकडे. इंदुलेखा पुढे जाई, तशा त्यांच्या माना तिच्यामागे वळत. तिने मागे पाहिले नाही. ती भ्यायली होती, खोटे कशाला सांगा.

बारवेच्या तळाशी एक म्हातारी भरली घागर घेऊन बसली होती. कंबरेखाली दगड, वर माणूस. इंदुलेखेने वाकून नमस्कार केला. "आजी, तुम्ही सगळ्या कोणाची वाट बघता?"

"राजा वज्रबाहूची. लढाईला निघताना वेशीत म्हणाला, 'येतो.' जिंकला, पण दुसरं नगर आवडलं, तिथेच राहिला. मी पाय धुवायला पाणी तापवून ठेवलं, बायका ताटं घेऊन उभ्या राहिल्या. वाट बघता बघता दगड झालो. आता कोणी 'येतो' म्हटलं की नगर त्याला सोडत नाही. एकदा फसलंय ते."

वज्रबाहू इंदुलेखेचा पणजोबा.

राजसभेत, रिकाम्या सिंहासनाच्या पायरीवर जयकेतू बसला होता. गळ्यापर्यंत दगड.

"ताई, ऊन उतरलं," तो म्हणाला. "पश्चिमवेस जवळ आहे. तू नीघ."

"तुला सोडून?"

ती वळली आणि आल्या वाटेने पूर्ववेशीकडे चालू लागली. पायांना फोड आले होते. वेशीबाहेर जाऊन ती नगराकडे तोंड करून उभी राहिली. मनात आणती तर रथात बसून घरी गेली असती. तिने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले.

"मी वज्रबाहूच्या घरची," ती म्हणाली. "आले. फार उशीर झाला, आमचं चुकलं."

दिवस मावळला. तिच्या पाठीमागे वेस आपोआप मिटली. अंधारात निरांजने हलू लागली, आणि दगडी पावले फरशीवर घासत तिच्या दिशेने आली. ती जागची हलली नाही.

कोणीतरी भाकरतुकडा ओवाळून टाकला. कोणीतरी तिच्या पायांवर पाणी ओतले. पाणी अजून कोमट होते. आणि ओतणारीची सुरकुतलेली पावलेही आता माणसाची होती.

पहाटे बाजारात कोंबडा आरवला. जयकेतू धावत वेशीत आला तो ओठ घट्ट मिटूनच. चुकून काही बोलून जाईन, ही धास्ती. इंदुलेखेने म्हातारीचा हात हातात घेतला.

"येते, आजी."

टिटवीने श्वास रोखला. वेस उघडली.

आणि पुढल्या पौर्णिमेला ती आली. सिंहासनावर बसायलाच आली, पण नगरात शिरली ती पायी. उदयावंतीची वेस तेव्हापासून मिटलेली नाही.