तीर्थावर चालणारी गाडी

“…आणि बाबांनी गाडीत तीर्थ ओतलं. तेव्हापासून म्हणे गाडीला—”

“गाडीला काय?” शालनने विचारलं.

दळणाचा डबा कमरेवर घेऊन ती गिरणीच्या दारात उभी होती. आतल्या बायकांपैकी एकीला एकदम आपला नंबर आठवला, दुसरी पदरावरचं पीठ झटकायला लागली. गिरणीवाल्याने पट्टा चढवला आणि उरलेलं बोलणं घरघरीत बुडालं.

शालनने पुन्हा विचारलं नाही. तिला पुढचं ऐकायचंच नव्हतं.

आता ही शालन कोण, ते सांगायला हवं. कोंडवलीचा घाट चढून गेलं की वरच्या सपाटीवर भस्मेबाबांचा मठ लागतो. मठाची एक जुनी, बोजड गाडी आहे. ती शालन चालवायची आणि बिघडली तर दुरुस्तही तीच करायची. बापाचं गॅरेज होतं. पाटीपेन्सिलीच्या आधी हातात पाना आलेला. पुढे सासरी पटलं नाही, तशी तडक मठात आली, बाबांना गुरू केलं आणि तिथलीच होऊन गेली.

नाकावर माशी बसू द्यायची नाही. बाकीचे शिष्य आपल्याला मिळालेल्या मंत्राचं कौतुक सांगायला लागले की म्हणायची, तुम्हाला मंत्र दिला, मला किल्ली दिली. गाडीला परक्याचा हात लागलेला तिला खपायचा नाही. आणि बाबाही तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसून घाट उतरत नसत. यावरून मठात तिला पाण्यात पाहणारे काही कमी नव्हते.

तर गिरणीतल्या त्या बोलण्याच्या बरेच दिवस आधी त्या गाडीचं स्टिअरिंग हंबरायला लागलं होतं.

वळण आलं, चाक फिरवलं, की वासरू चुकलेल्या गाईसारखा आवाज. शालनने रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी त्यावर लाल ठिपके. स्टिअरिंगचं तेल गळत होतं. पाइप सैल असेल म्हणून तिने क्लिप आवळली. ठिपके पडतच राहिले.

मग तिने तेलाच्या टाकीचं टोपण काढलं.

हे तेल चांगलं असेल तर डाळिंबाच्या दाण्यासारखं असतं, लाल आणि आरपार दिसणारं. इथे मात्र गुलाबाच्या सरबतात दूध ओतावं तसा रंग, आणि वर फेस. तिने त्यातलं थोडं वाटीत काढलं, मुदपाकखान्यात नेलं आणि तापलेल्या पळीत दोन थेंब टाकले. नुसतं तेल असतं तर मुकाट धुरावलं असतं.

ते तडतडलं.

पाणी होतं. आणि पाणी काही आपल्या पायांनी चालत टाकीत जात नाही.

तिने टोपण उलटंसुलटं करून पाहिलं. कडेला बोटांचे करडे ठसे होते. राखेचे. मठात बोटांना सदा राख असलेला माणूस एकच.

तेव्हा तिला ती दुपार आठवली. ऊन रणरणत होतं. घाट चढून आल्यावर इंजिन निवावं म्हणून तिने बॉनेट उघडं टाकलं आणि ती जेवायला गेली. बाबा गाडीपाशीच थांबले होते.

बाबांची नजर गेली होती. मठात हे कोणी बोलत नसे. नजर आत वळली आहे, असं म्हणायचे. पायरी चुकली की दोघं धावत येऊन दंड धरायचे आणि कुजबुजायचे, बाबा समाधीत आहेत.

शालनने टोपण पदराने पुसलं. ठसे गेले.

खरं म्हणजे सगळं तेल काढायचं, आतून धुवायचं, नवं भरायचं, हेच काम होतं. पण ते अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करावं लागलं असतं आणि कोणीतरी विचारलंच असतं, पाणी गेलं कसं? तेव्हा तिने दुसरा मार्ग काढला. उजाडायच्या आत डबा घेऊन यायचं, टाकी खुणेपर्यंत भरायची, खालचे ठिपके पुसायला वेळ मिळाला तर पुसायचे, आणि निजून उठल्यासारखं तोंड करून आरतीला जायचं. दिवसभर गळायचं. पहाटे पुन्हा भरायचं. तोंडात मिठाची गुळणी धरून तिने बरेच दिवस काढले.

आणि मग एका संध्याकाळी घाटात, वळणावर, चाक दगड झालं.

गाडीत ती एकटीच होती. दोन्ही हातांनी, खांद्याने, जवळजवळ अंगाने तिने ते फिरवलं. गाडी कठड्याला घासून थांबली. पलीकडे खाली कोंडवलीची कौलं दिसत होती. जेवताना ती दोन घासांत पानावरून उठली, आणि कोणी विचारलं तर म्हणाली, भूक नाही.

दुसऱ्या दिवशी कोंडवलीत भंडारा होता. बाबांना खाली न्यायचं होतं.

आरती झाली. अंगणात माणसं जमली. मठाचा कारभार बघणारे सदानंददादा गाडीचं बॉनेट उघडून उभे होते आणि लोकांना टाकी दाखवत होते. खाली बघा, म्हणत होते, रोज थेंब पडतात. आणि वर बघा, तेल खुणेला खूण. बाबांनी तीर्थ ओतलं तेव्हापासून या गाडीला तेल घालावं लागत नाही. खाली गावात माणसं गाडीला हार घालायला थांबली आहेत.

गिरणीतलं अर्धं वाक्य शालनला तिथे पुरं ऐकायला मिळालं.

बाबा पुढच्या सीटवर बसले. मागे दोन म्हाताऱ्या बसल्या, मांडीवर प्रसादाची पातेली घेऊन.

शालन दाराशी उभी.

“चल,” बाबा म्हणाले.

ती हलली नाही.

“गाडी का रडते गं?”

“पाइप सैल आहे.”

“आवळलास?”

“आवळला.”

“मग का रडते?”

“मी नाही नेणार,” शालन म्हणाली.

सदानंददादांनी बॉनेट आपटून लावलं. आधी समजुतीने सांगून पाहिलं की लोक खोळंबलेत, असं ऐन वेळी बरं दिसत नाही. मग आवाज चढला. तुझ्यावाचून अडत नाही, म्हणाले, खालच्या आळीतला दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर बोलावतो, किल्ली इकडे आण.

शालनने किल्ली कनवटीला खोचली.

“बाबा बसलेत गाडीत,” दादा म्हणाले.

“म्हणूनच नाही.”

“गुरूची आज्ञा मोडतेस?”

“मोडते.”

मागच्या म्हाताऱ्यांनी पातेली घट्ट धरली. बाबांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली, थोडी चुकून, तिच्या खांद्याकडे.

“कारण सांग.”

“तेलात पाणी आहे. चाक कुठल्याही वळणावर अडेल. काल अडलं होतं.”

“पाणी कोणी घातलं?”

शालनने जमिनीकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

“तुम्ही.”

“पाणी नव्हे, तीर्थ,” दादा पुटपुटले.

“पाणी,” शालन म्हणाली. “चुकीचं टोपण काढून ओतलेलं. तुम्हाला दिसत नाही, बाबा. इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे गप्प आहेत. मला मठातून काढायचं तर काढा. पण या गाडीतून तुम्हाला घाट उतरू देणार नाही.”

दादा काही बोलणार होते. बाबांनी हात वर केला, दार चाचपलं आणि खाली उतरले. या वेळी दंड धरायला कोणी पुढे आलं नाही. गाडीच्या पत्र्यावर हात ठेवत ठेवत ते पुढे आले.

“उघड. दाखव.”

“तुम्हाला काय दिसणार?”

“बोट आहे की.”

शालनने टोपण काढलं, त्यांचं बोट धरलं आणि टाकीत बुडवलं. बाबांनी ते अंगठ्याशी चोळलं. नाकाशी नेलं. छाटीला पुसलं. भगव्यावर गुलाबी डाग पडला.

मग ते त्या दुपारचं सांगू लागले, जसं काही दुसऱ्या कोणाचं सांगावं. गाडी घाट चढून धापा टाकत आली होती. अंगातून वाफ निघत होती. बैल चढ चढून आला की त्याला पाणी दाखवतात. हातात तांब्या होता. जे तोंड हाताला लागलं त्यात ओतलं.

“म्हणजे तीर्थच झालं की,” दादा म्हणाले.

“माठातलं होतं. अर्धं मी पिऊन उरलेलं.”

दादांचा चेहरा पडला आणि लगेच उजळला. गुरूचं उष्टं म्हणजे तीर्थाच्याही वरचं, हे त्यांनी मागे वळून लोकांना समजावून सांगितलं. कोणीतरी बाटली आणायला पळालंही.

शालनने कोणाला विचारलं नाही. म्हाताऱ्यांना पातेल्यांसकट खाली उतरवलं, लुगड्याचा काचा मारला, जॅक लावून पुढची चाकं उचलली, खाली घमेलं सरकवलं आणि पाइप ओढून काढला. गुलाबी, फेसाळ धार पडायला लागली. पाइपाचं तोंड चिरलेलं होतं. नवा पाइप तिने कधीचाच आणून ठेवला होता, फडक्यात गुंडाळून.

बाटल्या आल्या. एक, मग आणखी एक. घमेल्याभोवती माणसं वाकली. एका बाईने तर चमचा आणला होता. नातवाला पोटदुखी आहे, म्हणाली.

शालन उठली. तरातरा धुनीपाशी गेली. लोखंडी पाटी भरून राख घेतली आणि घमेल्यात पालथी केली.

तेल राखेत मुरलं. चिखल झाला.

“धुनीची राख…” दादांच्या तोंडून एवढंच निघालं.

“सांडलेलं तेल राखेनेच टिपतात,” ती म्हणाली. “बापाच्या गॅरेजातही हेच करायचे. भरा आता बाटल्या.”

कोणी भरल्या नाहीत. चमचेवाली बाई चमचा पदराखाली घेऊन मागे सरली.

आता चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला माणूस हवा होता. शालन वरून नवं तेल घालणार, कोणीतरी आत बसून फिरवणार, म्हणजे उरलेलं मळकं पाणी बाहेर पडेल आणि नळीत अडकलेली हवाही. तिने दादांकडे पाहिलं. दादा हात मागे बांधून उभे राहिले. बाकीच्यांनी दादांकडे पाहिलं.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार वाजलं.

बाबा बसले होते.

“सांग,” ते म्हणाले.

“डावीकडे.”

बाबांनी फिरवलं.

“आता उजवीकडे… सावकाश… टोकाला दाबून धरू नका, सोडा लगेच.”

बाबांनी सोडलं.

“पुन्हा.”

उन्हं अंगणात पुढे सरकली. खालून भंडाऱ्याचा निरोप घेऊन माणूस आला. शालनने त्याला थांबायला सांगितलं, तोही थांबला. धार मळकी होती, मग फिकी झाली, मग डाळिंबी. तिने नवा पाइप बसवला, टाकी भरली, इंजिन सुरू केलं आणि बाबांना तेच पुन्हा करायला लावलं. टाकीतले बुडबुडे येत राहिले, विरळ झाले, थांबले. तिने खाली वाकून जोडावरून कोरडं फडकं फिरवलं. फडकं कोरडंच निघालं.

“एका बोटाने फिरवा,” ती म्हणाली.

बाबांनी एका बोटाने फिरवलं. चाक मुकाट वळलं. हंबरणं नाही, कुरकुर नाही.

शालन ताठ उभी राहिली. कोपरापर्यंत हात तेलकट, कपाळावर राख. तिने अंगणभर नजर फिरवली. दादांनी मान खाली घातली, तरी तिचं समाधान झालं नाही. किल्ली तिच्याकडेच राहिली होती, मठातली जागाही राहिली होती, ती खरी ठरली होती, आणि एवढ्यावर तिला सोडायचं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “आता सगळ्यांसमोर सांगा. हे लोक हार घेऊन उभे राहिले, बाटल्या घेऊन वाकले… ते कोणाच्या चुकीने?”

बाबांचे हात अजून स्टिअरिंगवर होते. ते थोडं हसल्यासारखे दिसले.

“पाणी माझं होतं, शालन. चमत्कार तुझा.”